जुन्या मोटारीचें दान

कठोपनिषदाचा आरंभच एका दानाच्या कथेनें होतो. वाजश्रवसानें सर्वस्वदानाचा यज्ञ मांडिला. परंतु दक्षिणेसाठीं ज्या गाई काढिल्या त्या शेवटचें पाणी प्यालेल्या, शेवटचें गवत खाल्लेल्या, दूध आटलेल्या अशा होत्या. कोंवळ्या वयाच्या नचिकेत्याला तें पाहवलें नाहीं. गोठा रिकामा करणें आणि दान करणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें त्या मुलानें ओळखिलें होतें. हाच प्रश्न आज अमेरिकेंत गाईंच्या नव्हे, तर जुन्या मोटारींच्या बाबतींत अनेक घरांपुढें उभा राहतो. आणि तेथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तो चुकलेला नाहीं.

एका घरीं मर्क्युरी ग्रँड मार्क्विससारखी जुनी, मोठी सेडान उभी आहे, अशी कल्पना करावी. साडेसतरा फुटांहून अधिक लांबी, आठ सिलिंडरांचें इंजिन, पुढें-मागें मिळून सहा माणसें सुखानें बसतील अशीं प्रशस्त आसनें. फोर्ड कंपनीनें ही गाडी बनविणें २०११ सालीं थांबविलें. घरांतील वडील माणसानें वयोमानामुळें गाडी चालविणें सोडलें आहे. याच गाडींतून मुलें शाळेंत गेलीं, लग्नाची वरात निघाली, आजाऱ्याला रुग्णालयांत नेलें. विकावी तर किंमत अल्प येते. ठेवावी तर विमा आणि जागा यांचा भार. अशा वेळीं कानांवर जाहिरात येते कीं, गाडी आम्हांस द्यावी, आम्ही ती फुकट ओढून नेऊं, आणि प्राप्तिकरांत सवलतही मिळेल. तेथील कित्येक सार्वजनिक नभोवाणी केंद्रेंदेखील अशाच दानावर आपला कांहीं खर्च भागवितात.

आपली गाडी आतां एखाद्या गरजूच्या दारीं जाईल, असें देणाऱ्याला वाटतें. बहुधा तसें होत नाहीं. संस्थेचा दलाल गाडी नेतो, ती लिलावांत विकली जाते. ओढण्याचा, जाहिरातीचा आणि दलालीचा खर्च वजा होतो, आणि उरेल तें संस्थेच्या हातीं पडतें. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयानें २००३ सालीं या व्यवहाराची चौकशी केली. तींत निवडलेल्या ५४ गाड्यांपैकीं दोन तृतीयांश गाड्यांच्या बाबतींत, दात्यानें करपत्रकांत जी किंमत लिहिली तिच्या शेंकडा ५ किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेला मिळाली होती. एका जुन्या मालमोटारीची किंमत दात्यानें २,४०० डॉलर दाखविली होती. ती ३७५ डॉलरांस विकली गेली, आणि संस्थेच्या पदरांत पडले अवघे साडेएकतीस डॉलर! पुण्य दात्याच्या खातीं, सवलत दात्याच्या खिशांत, आणि ज्यासाठीं हा खटाटोप त्या दीनाच्या वांट्याला मात्र शिळें अन्न, असा हा प्रकार होता.

यावर २००४ सालीं कायदा झाला व १ जानेवारी २००५ पासून तो दानांस लागू झाला. गाडीबद्दल ५०० डॉलरांहून अधिक वजावट मागावयाची असेल, तर संस्थेला विक्रींत जेवढे डॉलर मिळाले तेवढ्यांचीच वजावट मिळते. संस्थेनें तसें लेखी प्रमाणपत्रही द्यावें लागतें. परंतु कायद्यानें एक दार मुद्दाम उघडें ठेविलें आहे. संस्थेनें ती गाडी स्वतःच्या कार्यांत भरपूर वापरली, तिची मोठी दुरुस्ती केली, अथवा गरजू माणसास ती फुकट किंवा अगदीं अल्प किंमतींत दिली, तर बाजारभावाची वजावट धरतां येते. म्हणजे वस्तु ज्या दानांत उपयोगास येते, त्याचें मोल कायदाही अधिक मानतो. अर्थात् ही वजावट देणग्यांचा तपशीलवार हिशेब सादर करणारालाच मिळते. २०१७ च्या सुधारणेनें सरसकट वजावट जवळजवळ दुप्पट झाल्यापासून बहुतेक कुटुंबें तसा हिशेब देतच नाहींत. त्यांना या दानापासून करांत कांहींही लाभ नसतो.

मग गाडी द्यावी तरी कोठें? व्हर्माँट राज्यांत बर्लिंग्टन येथें १९९६ सालीं निघालेल्या ‘गुड न्यूज गॅरेज’ या संस्थेचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. दानांत आलेल्या गाड्यांपैकीं ज्या चालण्याजोग्या असतील त्या दुरुस्त करून गरजू कुटुंबांना देणें, हें तिचें कार्य. जेथें थंडी कडक, गांवें दूरदूर आणि बस क्वचित्, तेथें पहांटेच्या पाळीला जाणाऱ्या परिचारिकेला मोटार नसणें म्हणजे नोकरीच नसणें होय.

तथापि येथेंही नचिकेत्याची शंका विसरतां येत नाहीं. मोठी सेडान पेट्रोल फार पिते. गंजलेली चौकट, गळणारें इंजिन आणि झिजलेलीं चाकें ज्याच्या गळ्यांत पडतील, त्याला ती गाडी नव्हे, तर रोजचा दंड मिळतो. ‘धर्माची गाय आणि दांत कां गे नाय’ अशी म्हण आपल्याकडे घेणाऱ्याच्या हांवरेपणाला हंसते. पण दांत मोजण्याचें काम देणाऱ्याचें आहे, हा तिचा दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाहीं. गाडी मोडकीच असेल, तर ती भंगारांत विकून येईल ती रक्कम संस्थेला रोख द्यावी. त्यांत दलालाचा वांटा नसतो आणि कोणाची फसगतही होत नाहीं.

म्हणून किल्ली हातावेगळी करण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या: गाडी कोणी वापरणार कीं ती विकली जाणार, विकली गेल्यास संस्थेला किती मिळणार, आणि मालकीपत्रावर नवें नांव चढून तिची नोंद सरकारदरबारीं होणार कीं नाहीं. शेवटची बाब क्षुल्लक नव्हे. नोंद झाली नाहीं, तर पुढें त्या गाडीचे दंड जुन्या मालकाच्या दारीं येतात.

जुनी वस्तु देण्यांत कमीपणा नाहीं. वडिलांची गाडी एखाद्या अनोळखी आईला कामावर वेळेवर पोंचवीत असेल, तर तिच्या जुनेपणाला कोण नांवें ठेवील? अंगण मोकळें झालें यांत समाधान मानून थांबणारानें मात्र आपली गाडी कोणाच्या कामीं आली, हें एकदां विचारून पाहावें.