म्युझियम रोडवरचा द्रविड

बंगळुरूच्या म्युझियम रोडवर सेंट जोसेफ्स बॉइज हायस्कूल ही 1858 मध्ये स्थापन झालेली शाळा आहे. इंदूरला जन्मलेला एक मराठी मुलगा इथेच शिकला: राहुल द्रविड.

वडील किसान जॅमच्या कंपनीत, म्हणून मित्रांनी नाव ठेवलं ‘जॅमी’. ते कायमचं चिकटलं! आई पुष्पा वास्तुकला शिकवायच्या, त्यामुळे घरात अभ्यासाला मान होता. शाळेच्या संघातून खेळताना आणि चिन्नास्वामी मैदानावरच्या उन्हाळी शिबिरात प्रशिक्षक केकी तारापोर यांच्या नजरेखाली त्याची बॅट घडली.

1991 मध्ये रणजी पदार्पण झालं, तेही पुण्यात, महाराष्ट्राविरुद्ध. कर्नाटकाच्या या मराठी पोराने 82 धावा काढल्या. पाच वर्षांनी लॉर्ड्सवर पहिल्याच कसोटीत 95.