कापसाच्या शेतातून कादंबरीकडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



विसाव्या शतकातील अमेरिकेच्या कादंबरीची पार्श्वभूमी, हा आजचा विषय मी कळविला तेव्हा एका मैत्रिणीने मला हटकलेच, "अहो ताई, हट्ट्याच्या बायकांना अमेरिकेचे काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी कापसापासून देते.

आपल्यापैकी किती जणींनी कापूस वेचला आहे, हे विचारण्याचे कारण नाही. ओटी बांधून, बोंडाच्या टोकांनी बोटे सोलवटून आपण वाढलो. अमेरिकेच्या दक्षिण भागातही हेच पीक होते. फरक इतकाच, की तेथे ते वेचणारी माणसे आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांची लेकरे होती आणि त्यांची खरेदीविक्री होत असे. १८६१ ते १८६५ या काळात गुलामीच्या प्रश्नावरून त्या देशात यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडे वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला एकाएकी भाव आला. त्यांच्या शेतातली आग आणि आपल्या बाजारातली तेजी यांचे असे नाते आहे.

१८६५ मध्ये गुलामी कायद्याने संपली. परंतु हाती जमीन आली नाही. मग त्याच मालकाचे शेत बटईने करावयाचे, बियाणे आणि धान्य त्याच्याकडूनच उधार घ्यावयाचे, आणि वर्षाअखेर हिशेब केला की देणेच निघावयाचे. उचल घेऊन फडावर जाणाऱ्या आपल्या ऊसतोड कुटुंबांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. त्यात वेगळे डबे, वेगळ्या शाळा, आणि जमावाने झाडाला लटकाविण्याची दहशत. या जाचाला कंटाळून १९१६ च्या सुमारापासून १९७० पर्यंत जवळजवळ साठ लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून न्यूयॉर्क, शिकागोसारख्या शहरांकडे गेली. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९२० नंतर त्यांच्यातून कवी, गायक, कथाकार उभे राहिले. पुढे रिचर्ड राइट यांची 'नेटिव्ह सन' १९४० मध्ये आणि राल्फ एलिसन यांची 'इन्व्हिजिबल मॅन' १९५२ मध्ये आली. गोऱ्या गरिबांचेही स्थलांतर झाले. दुष्काळ आणि कर्ज यांनी उठविलेल्या कुळांची कथा जॉन स्टाइनबेक यांनी १९३९ मध्ये 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'मध्ये सांगितली. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, खडी फोडली, त्यांना ती परकी वाटणार नाही.

या साहित्याशी महाराष्ट्राचा संबंध आजचा नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या वर्षांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय उभे केले, त्याच नागसेनवनात पुढे डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी आपल्या दलित साहित्याची तुलना करू लागले. १९६७ मध्ये तेथे 'अस्मिता' निघाले. तेच पुढे गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' झाले. आणि ज्या नांदेडच्या विद्यापीठाची पदवी आपल्या हिंगोलीची मुले घेतात, त्याचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक मराठीत लिहिले. म्हणजे हा विषय मी परदेशातून आणलेला नाही. तो मराठवाड्याच्याच वाटेने आपल्या दारी आला आहे.

आता मला ज्या एका बाईविषयी सांगावयाचे आहे तिच्याकडे वळते. झोरा नील हर्स्टन हे तिचे नाव. जन्म १८९१. ती फ्लोरिडातील ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांनीच वसविलेल्या आणि चालविलेल्या गावात वाढली, आणि कोलंबियाशी जोडलेल्या बर्नार्ड कॉलेजात शिकून १९२८ मध्ये पदवीधर झाली. तिने गावोगाव हिंडून आपल्या लोकांच्या गोष्टी आणि गाणी गोळा केली. १९३७ मध्ये तिची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी आली. माझ्या धाकट्या मुलीने एम.ए.ला असताना ती मला संध्याकाळी ओट्यावर बसून, अर्थ सांगत सांगत वाचून दाखविली.

कथा जेनी नावाच्या मुलीची आहे. तिला आजी वाढविते. आजी गुलामीत जन्मलेली. तिने स्वतःची आणि आपल्या लेकीची झालेली विटंबना सोसलेली. नात सोळा वर्षांची होते, एक मुलगा कुंपणाशी तिच्याजवळ आलेला दिसतो, आणि आजी घाबरते. साठ एकरांचा धनी असलेल्या एका प्रौढ माणसाशी ती नातीचे लग्न लावून देते. म्हातारीच्या मनात पाप नाही. जमीन असेल तर पोरीला कोणी हात लावणार नाही, एवढीच तिची समजूत.

भगिनींनो, येथे मी मुलीला थांबविले, पुढे ऐकवेना. दहावीच्या परीक्षेला चार महिने उरले असताना माझेही लग्न असेच झाले होते. शाळेची वाट लांब, वाटेत टवाळ पोरे, आणि आजीचा घोर. बारा एकर काळी जमीन आणि विहीर, एवढे स्थळाचे वर्णन मी दाराआडून ऐकले. कित्येक वर्षे मी आजीला मनातून क्षमा केली नव्हती. ती गेली तेव्हाही मी रडले नाही. त्या संध्याकाळी मात्र, सात समुद्रांपलीकडच्या एका म्हातारीच्या तोंडून मला माझ्या आजीचे भय कळले, आणि मी तिच्यासाठी रडले. पण भय कळले म्हणून तो निर्णय बरोबर ठरत नाही. जेनीचे साठ एकर तिला सुख देऊ शकले नाहीत. माझ्या बारा एकरांनी मला दहावीचे प्रमाणपत्र दिले नाही. दोन मुले झाल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून ते मी मिळविले.

हर्स्टनबाईंचे पुढे काय झाले? पुस्तक मागे पडले. १९६० मध्ये त्या दारिद्र्यात वारल्या. थडग्यावर नावही नव्हते. १९७३ मध्ये अॅलिस वॉकर ही तरुण लेखिका गवत तुडवीत तेथे गेली आणि तिने नावाचा दगड बसविला. याच वॉकरबाईंनी पुढे 'द कलर पर्पल' लिहिली. १९९३ मध्ये टोनी मॉरिसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एका बाईने दुसरीचे नाव पुसू दिले नाही, म्हणून ही वाट मोडली नाही.

शेवटी एकच मागणे. जेनी आपली सारी हकीकत मैत्रिणीला घराच्या पायरीवर बसून सांगते. आपल्या मंडळातही महिन्यातून एक संध्याकाळ वाचनाची आणि सांगण्याची असावी. जिला वाचता येत नाही तिने सांगावे, जिला येते तिने लिहून घ्यावे. आणि आपल्या गल्लीतील एखाद्या नववी-दहावीच्या मुलीचे स्थळ पाहणे सुरू झाले असे कानी आले, तर आपण दोघी-तिघींनी त्या घरी जाऊन तिच्या आजीजवळ बसावे. आजीला दोष देऊ नये. तिचे भय आधी ऐकावे, आणि मग मुलीच्या शाळेच्या वाटेवर सोबतीला कोण जाईल, ते तेथेच ठरवावे.