संगणकातील मुकादम

मुलांनो, आज मी तुम्हांला एका मुकादमाची ओळख करून देणार आहे. हा मुकादम माणूस नव्हता. तो एका संगणकात राहत होता आणि १९६९ साली चंद्राजवळ जाऊन पोहोचला होता.

अमेरिकेचे नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन 'ईगल' नावाच्या यानातून चंद्रावर उतरले, हे तुम्ही ऐकले असेल. त्या यानातील संगणकाचे वजन होते सुमारे ३२ किलो. पण तुमच्या घरच्या मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावला नसता! कामे मात्र ढीगभर. यान कोठे आहे ते मोजायचे, इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा, पडद्यावर आकडे दाखवायचे. प्रत्येक कामाची आज्ञावली, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची मालिका, वेगळी होती. या सर्वांवर देखरेख करणारी आणखी एक आज्ञावली हॅल लेनिंग यांनी रचली होती. तोच आपला मुकादम. कोणते काम किती महत्त्वाचे, हे त्याला ठाऊक असे. दूध उतू जाऊ लागले, तर आपण निवडायची भाजी बाजूला ठेवून आधी चुलीकडे धावतो ना? तसेच त्याचे होते.

२० जुलै १९६९. ईगल खाली उतरत होते. चंद्राची जमीन सुमारे दहा किलोमीटरवर आली आणि अचानक धोक्याची सूचना झाली. पडद्यावर १२०२ हा आकडा उमटला. आर्मस्ट्राँग यांनी लगेच पृथ्वीवर त्याचा अर्थ विचारला. उतरायचे, की परत फिरायचे?

ह्यूस्टन शहरातील नियंत्रण केंद्रात जॅक गारमन नावाचे २४ वर्षांचे तरुण बसले होते. काही दिवसांपूर्वी सराव करताना अशाच एका सूचनेला घाबरून मोहीम विनाकारण थांबवली गेली होती. तेव्हापासून गारमन यांनी सगळ्या सूचनांची यादी हाताने लिहून जवळ ठेवली होती. त्यांनी यादी पाहिली. सूचना सारखी येत नसेल तर भीती नाही, असे त्यांनी स्टीव्ह बेल्स यांना सांगितले. बेल्सही अवघे २६ वर्षांचे! त्यांनी पुढे जाण्याचा निर्णय दिला.

यानात काय घडले होते? मुख्य यान शोधण्यासाठी असलेल्या रडारकडून निरुपयोगी संकेत येत होते. ते मोजण्यात संगणकाचा वेळ जाऊ लागला. कामे तुंबली, नव्या कामाला जागा उरेना. तेव्हा संगणकाने सगळे थांबवले आणि क्षणार्धात पुन्हा सुरुवात केली. पण आधी घेतली ती इंजिनाची आणि यान सांभाळण्याची कामे. आकडे दाखवण्यासारखी कामे मागे राहिली. अशी वेळ येऊ शकते, याचा विचार मार्गारेट हॅमिल्टन यांच्या गटाने मॅसॅच्युसेट्समधील प्रयोगशाळेत आधीच करून ठेवला होता. सूचना आणखी काही वेळा आली. तरी ईगल सुखरूप उतरले.

आता रेल्वेचे तिकीट काढायचे झाले, तरी एका वेळी कितीतरी संगणक राबतात. एक जागा पाहतो, दुसरा पैसे घेतो, तिसरा तिकीट पाठवतो. एखादा मध्येच बंद पडला, तर त्याचे काम दुसऱ्याकडे सोपवणारे मुकादम अशा ठिकाणी नेमलेले असतात. ते आपल्याला कधीच दिसत नाहीत.