अद्भुताची मर्यादा

साक्रीसारख्या तालुक्याच्या गांवीं रविवारची दुपार ही वामकुक्षीची वेळ. परंतु गेल्या शतकाच्या अखेरीस कांहीं वर्षें त्या वेळीं आमच्या घरांत कोणी आडवें होत नसे. गच्चीवरील अँटेना फिरवून चित्र स्थिर करावयाचें आणि आळींतील मुलांसाठीं सतरंजी अंथरावयाची, हें काम माझ्याकडे असे. दूरदर्शनवर 'शक्तिमान' लागे. त्या मालिकेच्या उतरत्या काळाविषयीं मी आज चार शब्द बोलणार आहें.

ही हिंदी मालिका १९९७ सालीं सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. मुकेश खन्ना हे तिचे निर्माते आणि नायकही तेच. नायकाचें बळ योगसाधनेंतून आलेलें. पण एरवीं तो गंगाधर नांवाचा, चष्मेवाला, वेंधळा, वर्तमानपत्राचा छायाचित्रकार. गीता विश्वास ही वार्ताहर त्याचें गुपित हुडकूं पाहते. सुरुवातीच्या भागांची सारी गोडी या दोन रूपांच्या ओढाताणींत होती. पडद्यावरील करामती ओबडधोबड आहेत हें मुलांसही कळे. तरी कोणी हसत नसे.

पुढें मात्र रीत ठरून गेली. तमराज किल्विषानें नवा राक्षस धाडावा, नाहीं तर डॉक्टर जॅकालनें नवें यंत्र जुळवावें, आणि नायकानें शेवटीं त्याचा निकाल लावावा. जॅकाल हा शास्त्रज्ञ. परंतु त्याचें यंत्र कोणत्या नियमानें चालतें, हें कोणी विचारीत नसे. एके रविवारीं माझा भाचा मध्येंच उठला आणि म्हणाला, "मामा, हा हरणारच नाहीं, तर मग बघायचं कशाला?" मीं त्याला खालीं बसविलें, पण उत्तर मजपाशीं नव्हतें.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हता. आपण संकटांत पडलों कीं शक्तिमान धांवून येईल, असें खरेंच मानणारीं मुलें होतीं. त्यांनीं भलतें साहस करूं नये म्हणून खुद्द मुकेश खन्ना यांना पडद्यावरून समजावून सांगावें लागलें. ज्या बळाला सीमाच नाहीं, तें बळ पाहून मुलास धोक्याची ओळख कशी व्हावी?

इंग्लंडांतील 'डॉक्टर हू' ही मालिका १९६३ सालची. तिलाही उतरती कळा लागली. १९८५ सालीं ती दीड वर्षाकरितां थांबली, १९८९ सालीं बंद पडली, आणि २००५ सालीं पुन्हां उभी राहिली. तिच्या नायकास काळांत कोठेंही जातां येतें. परंतु मरण टाळावयाचें तर त्याला आपलें रूप टाकावें लागतें, आणि त्याबरोबर स्वभावही पालटतो. सामर्थ्याची अशी किंमत मोजणारा नायक प्रेक्षकाला जवळचा वाटतो.

आपल्या मराठींत हें भान जुनें आहे. जयंत नारळीकर यांनीं १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस 'कृष्णविवर' ही कथा टोपणनांवानें पाठविली आणि पहिलें बक्षीस मिळविलें. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, हा निसर्गाचा नियम. विज्ञानकथेच्या लेखकास तो आपल्या सोयीसाठीं मोडतां येत नाहीं, म्हणूनच पात्रावरील संकट वाचकाला खरें वाटतें.

माझा भाचा आतां स्वतः बाप झाला आहे. मागें एकदां त्याच्या मुलाला घेऊन आम्ही आमच्याच तालुक्यांतील शिवाजीनगरकडे गेलों होतों. तेथें महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरवीज प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. दूरवर पसरलेल्या त्या निळ्या पाट्यांकडे पाहून मुलानें विचारलें, "आजोबा, रात्रीं ह्या काय करतात?" "रात्रीं त्या थांबतात," मीं म्हटलें. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "तर मग रात्रीं आपल्या घरांत दिवा कसा लागतो?" त्या एका प्रश्नावर आम्हां तिघांचें बोलणें घरीं पोहोंचेपर्यंत चाललें.

२०२२ सालीं शक्तिमानवर चित्रपट काढण्याची घोषणा झाली. जे कोणी तो काढतील, त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे. त्याला उडूं द्या, पण कोठें तरी थांबूं द्या. तो थांबला, तरच मुलें पुढचा प्रश्न विचारतील.