कवी गेल्यावर गाव काय करतं?

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग थोडा घरचा आहे आणि थोडा फार लांबचा.

आधी घरचं सांगतो. माझे मामा कविता करायचे. सिंधुदुर्गात, खाडीकाठच्या एका गावात ते शाळामास्तर होते. तीन वर्षांपूर्वी गेले. गावाने एसटी स्टँडवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला, तो पावसाळ्यात फाटला. मी व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं, ते चोवीस तासांत गेलं. कवितांची वही मात्र मामीच्या कपाटात तशीच राहिली.

परवा मामीचा फोन आला. "अरे, यंदा पुण्यतिथीला तूच काहीतरी कर. मोबाईलवर जगाशी बोलतोस, मग घरी बोलायला काय झालं?"

हो म्हणालो आणि मग टेन्शन आलं. करायचं काय? हार, फोटो, दोन शब्द, चहा? तेव्हा मला ऑर्कनीची आठवण झाली.

ऑर्कनी म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्याही पलीकडची सुमारे ७० बेटं. वस्ती त्यातल्या जेमतेम वीसेक बेटांवर. सगळी मिळून माणसं साधारण २२ हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. तिथे स्ट्रॉमनेस नावाच्या बंदरात १९२१ साली जॉर्ज मकाय ब्राउन जन्मला. वडील शिंपीकाम करायचे, टपालही वाटायचे. ऐन तारुण्यात त्याला टीबी झाला आणि तब्येतीचं दुखणं आयुष्यभर मागे लागलं. शिक्षणाचा थोडा काळ सोडला, तर तो बेटावरच राहिला. कोळी, शेतकरी, जुन्या नॉर्स दंतकथा, समुद्र हेच त्याचे विषय. गावच्या साप्ताहिकात तो वर्षानुवर्षं सदर लिहायचा. आणि स्वभावाने इतका लाजाळू, की व्यासपीठ म्हटलं की नको व्हायचं.

आता गंमत बघा. अशा माणसाच्या शब्दांवर एक अख्खा महोत्सव उभा राहिला. झालं असं, की १९७० च्या सुमारास पीटर मॅक्सवेल डेव्हिस हा इंग्लंडचा संगीतकार हॉय नावाच्या बेटावर आला आणि ब्राउनच्या लेखनाच्या प्रेमात पडला. १९७७ मध्ये या दोघांनी इतरांच्या साथीने सेंट मॅग्नस महोत्सव सुरू केला. पहिल्याच वर्षी ब्राउनच्या 'मॅग्नस' या कादंबरीवर आधारलेला ऑपेरा झाला. कुठे? कर्कवॉलच्या बाराव्या शतकातल्या कॅथेड्रलमध्ये. ते कॅथेड्रल ज्या संत मॅग्नसच्या नावाने बांधलं, त्याचीच ती गोष्ट!

पण मला जास्त आवडलं ते पुढच्या वर्षीचं. १९७८ मध्ये ब्राउनच्या एका गोष्टीवर डेव्हिसने मुलांसाठी ऑपेरा केला, 'द टू फिडलर्स'. तो सादर केला कर्कवॉलच्या शाळेतल्या पोरांनी. गोष्ट दोन फिडलवाल्यांची. लग्नात वाजवून परतताना त्यांना बुटके राक्षस गाठतात. एक निसटतो, दुसरा त्यांच्यासाठी वाजवत बसतो. बक्षीस म्हणून तो मागतो, की माझ्या लोकांना काम करायला लागू नये. बाहेर येतो तर २१ वर्षं उलटलेली. वर खरा झालेला असतो, पण माणसं यंत्रांची आणि टीव्हीची गुलाम झालेली असतात. ऐकताना हातातल्या फोनकडे बघितलंत ना? मी पण बघितलं.

१३ एप्रिल १९९६ ला ब्राउन गेला. अंत्यविधी त्याच कॅथेड्रलमध्ये झाला, १६ एप्रिलला. तो दिवस नेमका संत मॅग्नसचा. डेव्हिसने तिथे 'फेअरवेल टू स्ट्रॉमनेस' ही आपली रचना पियानोवर वाजवली.

महोत्सव अजून जूनमध्ये भरतो. उत्तरेकडे तेव्हा रात्र नीट काळोखी होतच नाही. बाहेरून मोठमोठे वादक येतात, पण कोरसमध्ये गायला गावचीच माणसं असतात. ऑर्कनीत कथाकथनाचाही महोत्सव होतो. सीलचं कातडं उतरवून माणूस होणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी तिथल्या. ब्राउनने अशाच गोष्टी ऐकल्या, लिहिल्या, आणि त्या परत लोकांच्या तोंडी गेल्या.

मला यातून कळलं ते एवढंच. तिथल्या लोकांनी ब्राउनबद्दल नुसती भाषणं केली नाहीत, त्याचे शब्द तोंडात घेतले. १९७८ सालची ती पोरं आज साठीच्या आसपास असतील. ज्याने शाळेत असताना ती गोष्ट गायली, त्याला कवी कोण होता हे वेगळं सांगायला लागत नाही.

आमच्याकडे कॅथेड्रल नाही, पण मामींची ओटी आहे. पुण्यतिथीला फोटो असेलच, हारही असेल. भाषण मात्र नाही. मामांची एक कविता होडीवाल्याची आहे. ती त्यांचे दोन जुने विद्यार्थी संवादासारखी म्हणणार, त्यातला एक खरोखरच होडी चालवतो. माझी भाची मामांनी तिला सांगितलेली गोष्ट सांगणार. आणि मामी एक कविता वाचणार आहेत. हे ठरवताना त्या हळूच म्हणाल्या, "चाळीस वर्षं त्यांनी वाचल्या नि मी ऐकल्या. मोठ्याने मी कधी वाचलीच नाही रे."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. आत्ताही येत नाहीये.

तुमच्या घरात अशी एखादी वही असेल, तर आज रात्री काढा आणि एक पान मोठ्याने वाचा. रेकॉर्ड नंतर करा, आधी घरातल्या कुणाला तरी ऐकवा. कसं झालं ते मला नक्की कळवा. ओटीवर काय काय घडलं, ते मी पुढच्या भागात सांगतो.

चला, भेटू!