गाडी पिकअप घेईना? कार्बोरेटर खोलण्याआधी हे बघा

आजचा भाग जुन्या गाडीवाल्यांसाठी. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. पण जिंतूर, सेलू, गंगाखेडकडं बघा, दुधाचे कॅन असोत की खताचं पोतं, जुनी स्प्लेंडर अजून ओढतेच आहे.

आणि तक्रार एकच: "मूठ पिळली तरी गाडी उठत नाही." उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना, समोरून ट्रक येत असताना गाडीनं मान टाकली, तर काय होईल ते सांगायला नको.

गॅरेजला गेलं की ऐकू येतं, "कार्बोरेटर धुवावा लागंल." थांबा जरा. आवाज वाढतो पण वेग वाढत नाही? मग क्लच घसरतोय, कार्बोरेटरचा काही संबंध नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, मागचं चाक हातानं फिरवा. जड फिरतंय? ब्रेक धरतोय. ही दोन कामं फुकटात होतात.

मग एअर फिल्टर. आपल्याकडची उन्हाळ्यातली काळ्या मातीची धूळ तुम्हाला माहीतच आहे. फिल्टर चोंदला की हवा कमी, पेट्रोल जास्त. सायलेन्सरमधून काळा धूर, प्लगवर काळी काजळी. फिल्टर फोमचा असेल तर धुता येतो, कागदाचा असेल तर सरळ बदला.

गाडी चार-पाच किलोमीटर नीट पळते, मग गुदमरते, थोडं थांबलं की परत चालू होते? बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. लगेच चालू झाली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. यावर लोक उगाच पैसे घालवतात.

आता चोक. धावत्या गाडीवर नाही, उभ्या गाडीवर! इंजिन गरम असताना अर्धा चोक ओढून रेस द्या. सुधारली, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कार्बोरेटर आणि इंजिनच्या जोडातून जादा हवा शिरतीय. स्लोला बंद पडते पण वेगात बरी चालते, तर संशय स्लो जेटवर. स्लोला ठीक, पण मूठ पिळली की ढेपाळते, तर मेन जेटवर. जेटमध्ये तार मात्र घालू देऊ नका, भोक मोठं होतं. हवेचा प्रेशर मारायला सांगा.

पावसाळ्यात आणखी एक. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. इंजिन थंड करा, कॉक बंद करा, विडी-सिगारेट लांब ठेवा, आणि कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. थोड्या वेळानं दोन थर दिसले तर टाकीच रिकामी करावी लागते, नुसता कार्बोरेटर धुवून दोन दिवसांत तेच. महिना महिना उभी राहणारी गाडी असेल तर हे आधी बघा. जुने रबरी पाईपही चाचपून बघा, फुगले किंवा चिरले असतील तर बदला.

एवढं करून कार्बोरेटर खोलायची वेळ आलीच, तर मिस्त्रीदादांना सांगा, मिक्श्चर स्क्रू आधी हलकेच पूर्ण आत फिरवा आणि किती फेरे गेले ते मोजा. तो आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे ट्युनिंग बिघडलं तर परत तिथंच आणता येतं.

चला, पुढच्या भागात चेन-स्प्रॉकेट.