थंड्यात मीठ कुठंय?

आज मागं पंख्याचा आवाज येईल, सांभाळून घ्या. सोलापूरचा मे महिना आहे, पंखा बंद करून रेकॉर्डिंग करण्याइतका मी शूर नाही.

विषय आहे थंडा. काळा, नारिंगी, लिंबाचा, कुठलाही. आपल्याकडं पाहुणे आले की पोराला दुकानात पिटाळतात, ‘मोठी बाटली आण’. कुणी उन्हातून आलं, तोंड उतरलेलं दिसलं, तरी थंडाच. म्हणजे पाहुणचार पण तोच आणि औषध पण तेच. यातल्या औषधावरच आज बोलायचंय.

माझे वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. वर पत्रा, आत मागांची धग. गेल्या उन्हाळ्यात त्यांना दोन दिवस जुलाब होत होते, तरी कामाला गेले. दुपारी परत आले ते उंबऱ्यातच बसले. म्हणाले, ‘चक्कर आल्यागत व्हायलंय, थंडा आण की.’ मी पळत जाऊन पाऊण लिटरची बाटली आणली. स्टीलचा पेला काठोकाठ भरून दिला. एक, दोन, तीन पेले. त्यांनी ढेकर दिला, मला वाटलं काम झालं. रात्री जुलाब वाढले, पायात गोळे आले, जीभ कोरडी. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘काय काय दिलं?’ मी सांगितलं. सलाईन लावता लावता ते एवढंच म्हणाले, ‘अरे, त्यात मीठ कुठंय?’

घरी आल्यावर मी रिकामी बाटली उचलून मागचा बारीक छापलेला तक्ता पहिल्यांदा वाचला. तुम्ही पण वाचा. आकडे १०० मिलीचे असतात, आणि १०० मिली कोण पितंय? नेहमीच्या गोड कोलात १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत जवळजवळ सहा छोटे चमचे. पाऊण लिटरमध्ये ऐंशीच्या आसपास ग्रॅम. लग्नात टेबलावर ठेवतात त्या सव्वादोन लिटरच्या बाटलीत पाव किलोला थोडीच कमी. आपल्याकडं लेबलवर वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरतात. एका पेल्यात निम्मी संपली. आणि सोडियम? नावापुरतं.

मग एवढं गोड लागत कसं नाही? कारण ते गार असतं. गार असलं की जिभेला गोडी कमी कळते, वर आंबटपणा आणि गॅस. उघडी राहिलेली, कोमट झालेली बाटली पिऊन बघा. दुसरा घोट जात नाही.

आता मला खरा धक्का बसला तो हिशोब. घरी जलसंजीवनी करतात ती कशी? एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. म्हणजे एका लिटरला जेवढी साखर लागते तेवढी थंड्याच्या पाव लिटरात, आणि मीठ गायब. जुलाबात शरीरातून पाण्याबरोबर मीठ पण जातं. थोडी साखर आणि मीठ एकत्र असलं की आतडं पाणी आत घेतं. साखर जास्त झाली की उलटं, पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. मी वडिलांना प्रेमानं नेमकं तेच पाजलं होतं.

मेडिकलमध्ये ओआरएस मागताना पण डोळे उघडे ठेवा. गोड सरबताच्या डब्यांवर ते नाव झळकायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं सांगितलं की असल्या पेयांवर ओआरएस हा शब्द चालणार नाही. पावडरचं पाकीट घ्या. काही पाकिटं एका लिटरची असतात, काही २०० मिलीची. जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्या आणि पाकीट एकदम सगळं टाका. अर्धं आज, अर्धं उद्या असं नको. उन्हात माणूस बडबडायला लागला, शुद्ध हरपायला लागली, तर तोंडात काहीच ओतू नका. अंगावर पाणी मारा, वारा घाला, दवाखाना गाठा.

थंड्याची एक बाजू मात्र मान्य करावी लागेल. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकदम उतरली, घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि माणूस शुद्धीवर असेल, तर अर्धा पेला, साधारण १५० मिली साखरेचा थंडा पटकन कामाला येतो. डाएटवाला नाही, त्यात साखरच नसते.

आणि नुसता घसा कोरडा पडला असेल तर गाड्यावरचा सोडेवाला विचारतोच, ‘गोड का खारा?’ खारा सांगा. तो ओआरएस नाही, पण सहा चमचे साखर तरी वाचते.

वडील अजून थंडा मागतात, खोटं कशाला सांगू. सुट्टीच्या दिवशी मटणाच्या जेवणावर २०० मिलीची छोटी बाटली येते, दोघांत एक. माझ्या पेल्यात ते आधी मोजून ओततात, मग स्वतःच्या पेल्यात जरा जास्त.